कागदाची ‘विक्रांत’

पुठ्ठ्याचें जहाज म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पावसाच्या पहिल्या सरींत अंगणांतल्या पाण्यावर सोडलेली कागदी होडी उभी राहते. ती होडी एका कागदाची, एका क्षणाची आणि एकाच पावसाची असते. येथें जिचें वर्णन करावयाचें आहे ती युद्धनौका त्या होडीची दूरची नातलगहि नव्हे. तिच्या भागांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते, ती पुरी होण्यास कित्येक महिने लागतात, आणि पाण्याशीं तर तिचें उघड वैर असतें. तरीहि खरें जहाज कसें बांधतात हें ज्याला घरीं बसून समजून घ्यावयाचें आहे, त्याला हिच्याइतका चांगला शिक्षक सांपडणें कठीण.

हें साहित्य संच म्हणून मिळतें. संच म्हणजे जाड कागदांचें एक पातळसें पुस्तक. त्याच्या पानांवर जहाजाचे सारे भाग, म्हणजे बाजू, डेक, तोफा, धुराडें, होड्या, नांगर, आपापल्या रंगांसह सपाट छापलेले असतात आणि प्रत्येकास एक क्रमांक दिलेला असतो. कोठें कापावें, कोठें दुमडावें आणि कोठें डिंक लावावा याच्या खुणा ठरलेल्या असतात. रंगाचें काम छापखान्यानें आधींच उरकलेलें असल्यामुळें बांधणाऱ्याकडे काम उरतें तें एवढेंच कीं, जें सपाट आहे तें उभें करावें. ऐकावयास हें फार सोपें वाटतें.

ही कला पाश्चात्य देशांत वाढली, आणि ती विशेषेंकरून टंचाईच्या दिवसांत वाढली हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. फ्रान्समधील एपिनाल गांवचे छापखाने एकोणिसाव्या शतकांत कापून जोडावयाच्या कागदी इमारती छापीत असत. जर्मनींत एसलिंगेन येथील श्रायबर यांची १८३१ सालीं निघालेली प्रकाशनसंस्था याच कामासाठीं नांवाजली. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें खेळण्यांकरितां लांकूड व धातु मिळेनासे झाले, तेव्हां पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर छापलेलीं ‘मायक्रोमॉडेल्स’ तेथें घरोघर गेलीं. युद्धानें होरपळलेल्या पोलंडमध्यें १९५७ सालीं ‘मावी मोदेलाश’ नांवाचें मासिक निघालें, त्याचा प्रत्येक अंक म्हणजेच एक संच असे. ज्यांच्यापाशीं यंत्रशाळा नाहीं, जागा नाहीं आणि पैसाहि बेताचाच आहे, अशांची ही कला आहे. एक सुरी, एक पट्टी आणि एक खिडकी एवढ्यावर तिचा संसार चालतो.

अशी कला उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्यें परकी वाटूं नये. कल्याणनजीक दुसऱ्या महायुद्धांत येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांसाठीं जो विस्तीर्ण तळ उभारला होता, त्याच्याच बराकींतून फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं आपले संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या नगराची कोनशिला बसली आणि शेजारच्या नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. परंतु पत्ता सांगतांना लोक अजूनहि ‘कॅम्प एक’, ‘कॅम्प दोन’ असेंच म्हणतात. एकेका लांबलचक बराकीचे आडवे भाग पाडून जेथें घरें झालीं, तेथें मोठी वस्तु लहान जागेंत बसविण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाहीं.

कॅम्प १ मधून समुद्र दिसत नाहीं हें खरें. पण शहाडजवळून वाहणारी उल्हास नदी पुढें कल्याणच्या खाडीला मिळते आणि तें पाणी वसईपाशीं समुद्रास पोंचतें. ऑक्टोबर १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतलीं, आणि १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत कल्याण, भिवंडी व पनवेल येथें ते लढाऊ जहाजें बांधवीत असल्याची नोंद आढळते. रुई लैतांव व्हिएगश नांवाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह या कामावर होता आणि पुढें स्वकीयांच्या सांगण्यावरून तो काम टाकून निघून गेला. म्हणजे मराठी आरमाराची पहिली कुऱ्हाड ज्या लांकडावर पडली तें याच खाडीच्या कांठचें. अलीकडे, २७ जुलै २०१९ रोजीं, बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें पुरांत अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील प्रवाशांना सोडविण्यास आलेल्या पथकांत नौदलाचे पाणबुडे रबरी होड्या घेऊन होते. समुद्र येथें येत नसला तरी आरमार येऊन जातें!

मग महाराजांच्या गुराबेचाच नमुना कां करूं नये, असें कोणी विचारील. इच्छा रास्त आहे. परंतु पुठ्ठ्याच्या कामास नकाशा लागतो, आणि तोहि मिलिमीटरपर्यंत नेमका. कोकणच्या किनाऱ्यावरील सुतार पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय जहाजें बांधीत आले. त्यांचा नकाशा त्यांच्या नजरेंत व हातांत असे. अशा तारवाचें चित्र काढतां येईल, लांकडाची सुबक प्रतिकृति कोरतां येईल, पण त्याची प्रत्येक बरगडी कितव्या हातावर किती रुंद होती हें कागदावर मांडतांना पदोपदीं कल्पनेचा आश्रय घ्यावा लागेल. लोखंडी जहाजाचें तसें नसतें. तें आधीं कागदावरच बांधलेलें असतें.

म्हणून उदाहरणासाठीं ‘विक्रांत’ घेणें सोयीचें. इंग्लंडांत टाईन नदीवरील व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यांत १४ ऑक्टोबर १९४३ रोजीं ‘हर्क्युलिस’ या नांवानें तिचा कणा घातला गेला आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजीं तिचा सांगाडा पाण्यांत उतरला. तोंपर्यंत युद्ध संपलें होतें, त्यामुळें ती तशीच अपुरी पडून राहिली. जानेवारी १९५७ मध्यें हिंदुस्थाननें ती विकत घेतली, बेलफास्ट येथें ती पुरी झाली, ४ मार्च १९६१ रोजीं ती भारतीय नौदलांत दाखल झाली आणि त्याच वर्षाच्या ३ नोव्हेंबरला मुंबईस पोंचली. कल्याणचा तळ आणि ही नौका हीं दोन्ही एकाच युद्धाचीं अपत्यें, आणि दोन्ही ज्या कामासाठीं जन्मास आलीं त्याहून निराळ्याच कामीं लागलीं.

हीच नौका निवडण्याचें दुसरें कारण असें कीं ती आतां नाहीं. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती सेवेंतून निवृत्त झाली. त्यानंतर कांहीं वर्षें मुंबई बंदरांत ती तरंगतें संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्यें तेंहि बंद झालें, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रयत्नांनंतरहि २०१४ च्या अखेरीस दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचें तोडकाम सुरू झालें. तिच्या लोखंडाचा कांहीं अंश पुढें मोटारसायकलींत गेला. कोचीन येथें बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजीं नौदलांत आली, पण ती निराळी नौका आहे. तिची लांबी २६२ मीटर, जुनीची २१३. ज्या मुलाला १९७१ च्या युद्धांत कॉक्स बझार व चितगांवावर विमानें सोडणारी नौका पाहावयाची आहे, त्याच्यासाठीं आतां छायाचित्रें उरलीं आहेत, आणि जें चारी बाजूंनीं फिरून पाहतां येईल असें म्हणाल तर नमुना.

यांतूनच पहिला प्रश्न निघतो, आणि तो सुरी हातीं धरण्यापूर्वीच सोडवावा लागतो: नमुना कोणत्या सालचा? जहाज हें देवळासारखें एकदां बांधून संपत नाहीं. दर दुरुस्तींत त्याचें रूप पालटतें. १९६१ सालीं मुंबईस आलेल्या ‘विक्रांत’वर ४० मिलिमीटरच्या १६ बोफोर्स तोफा होत्या आणि तिच्या डेकची नाळेकडील बाजू सपाट होती. १९७१ मध्यें तिच्यावर ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ हीं विमानें होतीं. १९८० नंतरच्या दशकांत ‘सी हॅरियर’ विमानें आलीं, आणि १९९० च्या सुमारास ती दुरुस्त होऊन निघाली तेव्हां तिच्या नाळेवर विमानास वर फेंकणारा चढ बसविला होता. आतां जर कोणी त्या चढाच्या डेकवर ‘सी हॉक’ची रांग लावली, तर नमुना कितीहि स्वच्छ असला तरी असें जहाज कोणत्याहि दिवशीं समुद्रावर नव्हतें. संच भगिनी-नौकेचा असला तर ही सावधगिरी दुप्पट हवी. ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ व कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ या ‘विक्रांत’च्याच वर्गांतल्या, तिघींची ठेवण सारखी, पण डेकवरचा मनोरा प्रत्येकीचा निराळा. मोठ्या हौसेनें केलेल्या पुष्कळ नमुन्यांत दोष सांपडतो तो कापण्यांत वा चिकटविण्यांत नसतो, तो येथें असतो. छायाचित्रें जमवून, त्यांच्या तारखा लावून, एक साल ठरवावें आणि मग त्या सालाशीं एकनिष्ठ राहावें.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. जर्मन संच पुष्कळदां १:२५० या प्रमाणाचे असतात, पोलिश १:२०० चे. १:४०० हेंहि प्रमाण रूढ आहे. ‘विक्रांत’ची लांबी २१३ मीटर. १:२०० नें ती १०७ सेंटिमीटर होते, म्हणजे घरांतल्या लोखंडी कपाटावर ठेविली तर एका बाजूनें बाहेर डोकावेल. १:२५० नें ८५ सेंटिमीटर. १:४०० नें मात्र ५३ सेंटिमीटर, आणि एवढी वस्तु बराकींतल्या खोलींत भिंतीवरच्या फळीवर सुखानें राहते. या प्रमाणांत माणूस चार मिलिमीटरांहून किंचित्‌ उंच, तांदळाच्या दाण्याहूनहि आखूड, होतो; ‘सी हॉक’ विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत तीन सेंटिमीटर होतात.

लांबी ४०० पट घटली म्हणजे वजनहि तितकेंच घटतें असें नव्हे. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही घटतात, म्हणून आकारमान ४०० चा घन, म्हणजे ६ कोटि ४० लक्ष पटींनीं कमी होतें. पूर्ण भारासह ‘विक्रांत’ सुमारें १९,५०० टनांची. तिला या आंकड्यानें भागिलें तर तीनशें ग्रॅमच्या आसपास उत्तर येतें. पण कांहीं गोष्टी प्रमाणांत घटण्यास नकार देतात. पाव मिलिमीटरहून पातळ असा साधा जाड कागद घेतला तरी चारशें पटीनें तो आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा पत्रा ठरतो. खऱ्या नौकेच्या बाजूचा पत्रा याच्या पासंगालाहि नसतो. उलट कठड्याचा दोन सेंटिमीटर जाडीचा गज नमुन्यांत मिलिमीटरचा विसावा भाग होतो, म्हणजे केंसासारखा. जो भाग जाड दिसेल त्याची कड झांकावी आणि जो अतिशय बारीक होईल तो सुचवावा, एवढाच मार्ग उरतो. उत्तम नमुना पाहतांना डोळ्यांची जी फसगत होते ती या तडजोडीमुळें.

आतां कागदाच्या स्वभावाकडे वळावें. कारण लांकूड तासतां येतें, माती दाबतां येते, पण कागद आपले नियम सोडीत नाहीं. त्याचा पहिला नियम तंतूंचा. कारखान्यांत कागद तयार होतांना त्यांतील तंतु बहुतांशीं एका दिशेनें बसतात. वर्तमानपत्र उभें फाडलें तर सरळ फाटतें आणि आडवें फाडलें तर वेडेंवांकडें फाटतें, हें कोणत्याहि घरांत करून पाहतां येण्याजोगें आहे. तंतूंना समांतर अशी वळी सहज पडते. त्यांना आडवी घातली तर कागद मोडतो. ओल लागली म्हणजे तंतु लांबींत फारसे वाढत नाहींत, जाडींत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेनें पसरतो. अर्धा मीटर लांबीचें डेक पुठ्ठ्यावर चिकटवून दुसऱ्या दिवशीं पाहावें तों त्याची धनुकली झालेली असते, तिचें कारण हें. उपाय जुना आहे आणि पुस्तकबांधणी करणारे तो जाणतात: पुठ्ठ्याच्या एका अंगास कागद लावला तर दुसऱ्या अंगासहि तसाच लावावा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते; आणि वजनाखालीं रात्रभर दाबून ठेवावा. घरांत पाटा असल्यास त्याहून चांगलें वजन नाहीं.

दुसरा नियम याहून कडक. कागद एका वेळीं एकाच दिशेनें वांकतो. त्याची नळी होते, शंकु होतो. गोल होत नाहीं. चेंडूवर कागद गुंडाळला तर सुरकुत्या पडल्यावांचून राहत नाहींत. जर्मन गणिती गाउस यानें १८२७ सालीं हें सिद्ध करून दाखविलें कीं, पृष्ठभाग ताणल्या-दाबल्याविना नुसता वांकविला तर त्याचा एक मूळ गुण कायम राहतो, आणि सपाटाचा तो गुण गोलाच्या गुणाशीं जुळत नाहीं. आपल्याकडे द्रोण लावणाऱ्या बायकांना हें गाउसच्या पूर्वीपासून ठाऊक आहे. सपाट पानाची वाटी करावयाची तर कडेस चुण्या घालाव्या लागतात आणि त्या चोयेनें टांचाव्या लागतात. चुणीवांचून वाटी होत नाहीं. कागदी जहाजाची नाळ म्हणजे असाच एक अवघड द्रोण आहे. ती वर पसरत जाते आणि त्याच वेळीं पुढें निमुळतीहि होते, म्हणजे एकदम दोन दिशांनीं वळते. म्हणून संच तयार करणारा तेथें पाचरीसारखे चिरे आंखून ठेवतो. तेवढा भाग कापून कडा जुळविल्या कीं कागद नाइलाजानें वळतो. खऱ्या कारखान्यांतहि हीच अडचण येते. जहाजाच्या मध्यभागींचे पत्रे लाटण यंत्रांतून एका दिशेनें वळवून निघतात. नाळेचे पत्रे मात्र तापवून, ठोकून वळवावे लागतात, आणि तें काम हाताखालच्या पोराकडे कोणी देत नाहीं.

जहाजाचा पाण्याखालचा भाग तर सारा असाच दुहेरी वळणाचा. म्हणून कित्येक संचांत तो वगळून जलरेषेपासून वरचाच भाग दिलेला असतो, जणु नौका शांत समुद्रावर उभी आहे. नवशिक्यानें असलाच संच घ्यावा. यांत कांहीं कमीपणा नाहीं. जहाज पाहण्याची माणसाची नेहमींची रीतहि तीच आहे.

हत्यारें थोडकीं. पातें बदलतां येईल अशी सुरी, लोखंडी पट्टी, खालीं धरण्यास जाड कांच, बारीक चिमटा. दुमडीची रेघ सुरीनें अर्धवट कापून घेण्याची चाल आहे, पण शाई संपलेल्या बॉलपेननें पट्टीच्या आधारें ती दाबून घेतली तर कागद न दुखावतां सरळ मोडतो. नळ्या वळविण्यास विणकामाच्या निरनिराळ्या जाडीच्या सुया उपयोगीं पडतात. कागद तळहातावर ठेवून सुई त्यावरून हलकेच फिरविली कीं तो आपोआप वळूं लागतो. चिकटविण्यास पांढरें फेव्हिकॉल चालतें, परंतु त्यांत पाणी असतें हें विसरतां कामा नये. तें दांत कोरण्याच्या काडीनें, ओठास लावावें इतपतच लावावें, अर्धा मिनिट थांबावें आणि मग भाग जुळवावा. गव्हाच्या पिठाची खळ मात्र कटाक्षानें टाळावी. तिचें कारण पुढें येईल. संच घरच्या वा दुकानांतल्या यंत्रावर छापून घेतला असेल तर शाई पाण्यानें पसरूं नये म्हणून कापण्यापूर्वी पानांवर पारदर्शक लाखेचा हलका फवारा मारून तीं वाळवावींत.

बांधकामाची सुरुवात सांगाड्यापासून. तळाची एक सपाट पट्टी, तिच्यावर नाळेपासून पिछाडीपर्यंत उभा कणा, आणि कण्याला काटकोनांत बसणाऱ्या आडव्या बरगड्या. कण्यास वरून निम्म्यापर्यंत खांच असते, बरगडीस खालून निम्म्यापर्यंत. दोन्ही एकमेकींत उतरल्या कीं घट्ट धरतात. हे भाग संचाच्या कागदावर छापलेले असले तरी ते एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापावे लागतात. हा पुठ्ठा विकत आणण्याची गरज पडतेच असें नाहीं. मराठी व सिंधी दोन्ही घरांत लग्नपत्रिकांचा जो ढीग सांचलेला असतो त्याहून चांगला, घट्ट व सपाट पुठ्ठा शोधूनहि मिळावयाचा नाहीं. त्याची जाडी एकट्याची मोजतां येत नाहीं. दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजावें व दहानें भागावें. खांच एका मिलिमीटरची आणि पुठ्ठा सव्वाचा असला तर बरगड्या ठोकून बसवाव्या लागतात, प्रत्येक बरगडी कण्याला तसूभर फांकविते, आणि वीस बरगड्या संपेपर्यंत कणा केळ्यासारखा वांकतो.

सांगाड्याला डिंक लावण्यापूर्वी तो एकदां पूर्ण कोरडाच जुळवून पाहावा, कांचेवर ठेवून डोळा तिच्या पातळीवर आणावा आणि नाळेकडून पिछाडीकडे पाहावें. एखादी बरगडी वर डोकावत असेल तर ती आतांच घासावी. नमुन्यावरील एका मिलिमीटरची चूक खऱ्या नौकेवर चाळीस सेंटिमीटरांची असते, आणि सांगाड्यांतली चूक पुढें कोणत्याहि उपायानें लपत नाहीं. उलट वर चढणारा प्रत्येक भाग ती थोडी थोडी वाढवीत नेतो. बांधणाऱ्याचा हात पहिल्याच दिवशीं विमानांकडे व तोफांकडे धांवतो, विशेषतः बांधणारा बारा-चौदा वर्षांचा असला तर. त्याला रागावण्यांत अर्थ नाहीं. एखादें विमान संचाच्या नकलेवरून सरावासाठीं करूं द्यावें, आणि मग सांगाड्यावर परत आणावें.

सांगाडा वाळला कीं बाजू. त्या चिकटविण्यापूर्वी सुईवर फिरवून त्यांना आधींच वळण द्यावें, म्हणजे डिंकाला ओढून धरण्याचें काम पडत नाहीं. आरंभ नाळेपासून करावा, कारण तेथली सांध सर्वांच्या नजरेंत येते. मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरचा फरक उरलाच तर तो पिछाडीकडे ढकलतां येतो. एक बाजू पुरी करून मग दुसरी, असें मात्र करूं नये. ओल्या डिंकाची ओढ एकाच अंगास पडून सांगाडा पिळतो. चार बोटें डावीकडे, चार बोटें उजवीकडे, असें पुढें सरकावें.

विमानवाहू नौकेची खरी शोभा तिच्या सपाट डेकमध्यें, आणि खरा त्रासहि तेथेंच. ‘विक्रांत’चें डेक अंगापेक्षां बरेंच रुंद, अंगाची रुंदी सुमारें साडेचोवीस मीटर, तर डेकची ३९ पर्यंत जाते. दोन्ही बाजूंस तें अधांतरीं बाहेर येतें, आणि तेंहि सारखें नव्हे. विमानें तिरपीं उतरावींत म्हणून डाव्या अंगास तें अधिक पसरलेलें आहे, आणि उजव्या कडेवर धुराडें, टेहळणी व रडार यांचा मनोरा एकवटला आहे. युरोपीय नावाडी त्याला ‘आयलंड’, म्हणजे बेट, म्हणतात, आणि नांव समर्पक आहे. असें एका बाजूस झुकलेलें जहाज सरळ तरंगतें कसें, हा प्रश्न चाणाक्ष मूल हटकून विचारतें. त्याचें उत्तर नमुना हातांत धरून देतां येतें: डाव्या बाजूच्या रुंद डेकचा भार उजव्या बाजूच्या मनोऱ्यास तोलून धरतो, आणि उरलेला फरक पोटांतलीं यंत्रें, तेल व पाणी यांच्या मांडणीनें भरून काढतात.

बारीक कामांत एकच गोष्ट अशी आहे कीं जिच्यामुळें नमुना पोरखेळ दिसतो किंवा जहाज दिसतें. ती म्हणजे कापलेली कड. कागद वरून करडा छापलेला असला तरी त्याचा छेद पांढराच असतो, आणि शेंकडों पांढऱ्या कडा जहाजभर रेघा ओढल्यासारख्या चमकतात. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी त्याच्या कडेवरून त्याच रंगाच्या जलरंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला फिरवावा. एका भागास अर्धें मिनिट लागतें. तें वाचविणारा मनुष्य तीन महिन्यांचें काम वायां घालवितो. बोफोर्सच्या नळ्या या प्रमाणांत साडेपांच मिलिमीटरांच्या असतात. त्या कागदाच्या करण्याचा हट्ट धरूं नये, बारीक तार चालते. रडारची जाळी व कठडे शिवणाच्या दोऱ्यावर पातळ डिंक फिरवून ताठ केल्यास उत्तम वठतात.

उरतो तो कोंकणपट्टीचा पाऊस. ज्या देशांत ही कला वाढली तेथें घरें कोरडीं व उबदार असतात. उल्हासनगरांत जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धां घाम गाळतात. २६ जुलै २००५ रोजीं उल्हासचें पाणी बदलापुरापासून कल्याणपर्यंत वस्त्यांत शिरलें होतें, तेव्हां तळमजल्यावरच्या खोलींत नमुन्याची फळी उंच असावी हें सांगावयास नको. पण पुराहून रोजची ओलच अधिक घातक. पुरा झालेला नमुना सर्व बाजूंनीं, आंतून-बाहेरून, लाखेच्या दोन पातळ हातांनीं बंद करावा आणि कांचेच्या पेटींत ठेवावा. पेटींत ओल शोषणाऱ्या दाण्यांची, औषधांच्या व पादत्राणांच्या खोक्यांतून येते तसली, पुडी टाकावी आणि ती दर पावसाळ्यास बदलावी. खळ कां टाळावी तेंहि येथेंच कळतें: पिठाच्या वासावर कसर येते, आणि जें जहाज शत्रूच्या पाणबुड्यांना चुकवून परत आलें त्याची नक्कल ती चार महिन्यांत चाळण करून टाकते. कोपऱ्यांत डांबराची एक गोळी असावी.

ज्यांनीं एक-दोन नौका पार पाडल्या आहेत ते वर्षाचीच वांटणी करून घेतात. पावसाळा ते छायाचित्रें जमविण्यांत, साल ठरविण्यांत आणि सुटे भाग कापून, क्रमांक घालून, पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवण्यांत घालवितात. या दिवसांत मोठा भाग चिकटवीत नाहींत. गणपति उठले, दसऱ्याची कोरडी हवा पडली, कीं पहिल्या निरभ्र सकाळीं कांच पुसून खिडकीशीं मांडतात आणि तिच्यावर कणा उभा करतात.